मेमरी लॉकची मर्यादा: फाइल बदलली तरी आकडा का हलत नाही?

"रॅम वाढवली की वो दादा, तरी तेच म्हणतंय." मिरजेतल्या एका घरगुती स्टुडिओतून हा फोन आला. तिथं तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग चालतं. पडद्यावर संदेश होता 'कॅनॉट अलोकेट मेमरी'. तो वाचून त्या पोरानं सांगलीतून ८ जीबीची नवी पट्टी आणून बसवली होती. दुकानदार खूश, संदेश जागच्या जागी.

मेमरी कमी नव्हतीच, परवानगी कमी होती. लिनक्स सामान्य युजरला ठरावीक मर्यादेपर्यंतच मेमरी लॉक करू देतो. ती ओलांडायला गेलं की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, हाच दिशाभूल करणारा संदेश देतो. मर्यादा शून्यावर असली तर मात्र 'ऑपरेशन नॉट परमिटेड' येतं, आणि तो संदेश निदान खरं तरी बोलतो.

लॉक करणं म्हणजे काय, ते हरिपूरच्या पेवांवरून, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खोल खड्ड्यांवरून, लगेच कळेल. हळद पेवात टाकली की वर जागा मोकळी होते, पण गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की ती लगेच हाताशी येत नाही. स्वॅप, म्हणजे रॅममधला माल हलवायची डिस्कवरची जागा, हे संगणकाचं पेव. मेमरी लॉक करणं म्हणजे 'हा माल पेवात जाणार नाही' असं कर्नलला बजावणं. रेकॉर्डिंगला याची गरज पडते, कारण स्वॅपमधून मेमरीचं पान, म्हणजे तुकडा, परत येईतो आवाजात 'टक' होतो. गाण्यातल्या तानेत असा टक लपून जाईल. तानपुऱ्याच्या अखंड नादात तो लपत नाही, आणि जवारी, म्हणजे तारेचा झंकार, चांगली लागली असेल तर मुळीच नाही.

उदाहरण मी ऑडिओचं घेतलंय, पण घरच्या संगणकावर भाषा-मॉडेल चालवणाऱ्यांना किंवा डेटाबेस सांभाळणाऱ्यांनाही हेच लागू पडतं.

एक सूचना आधीच देतो. कमांड आणि फाइलींची नावं खाली उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, इंग्रजी आकड्यांसह आणि लहान अक्षरांत टाकायची. मोठं अक्षर लागेल तिथं मी तसं सांगितलंय.

पायरी १: आज काय आहे ते मोजा

टर्मिनलमध्ये 'यूलिमिट -एल' टाका. जुन्या कर्नलवर ६४ दिसेल. ५.१६ पासून कर्नलची मूळ मर्यादा ८ एमबी झाली, म्हणून नव्यावर ८१९२ दिसू शकतं. काही वितरणं स्वतःहून याहून बरीच मोठी मर्यादा देतात, त्यामुळे आकडा वेगळा दिसला तर दचकू नका. वहीत लिहून ठेवा.

प्रत्येक मर्यादेला दोन बाजू असतात. सॉफ्ट म्हणजे आत्ता लागू असलेली, हार्ड म्हणजे तिचं छत. सामान्य युजर सॉफ्ट मर्यादा छतापर्यंत वर नेऊ शकतो, छत मात्र फक्त खाली आणू शकतो, वर नाही. दोन्ही वेगवेगळे पाहायचे तर 'यूलिमिट -एसएल' आणि 'यूलिमिट -एचएल'. यात एस आणि एच मोठे, एल धाकटा.

आता ज्या प्रोग्रामची तक्रार आहे तो चालू करा, 'पीग्रेप जॅक' (जॅक हा ऑडिओ सर्व्हर) अशा कमांडनं त्याचा क्रमांक काढा आणि 'कॅट /प्रोक/४३२१/लिमिट्स' पाहा. ४३२१ च्या जागी तुमचा क्रमांक घाला. त्यातली 'मॅक्स लॉक्ड मेमरी' ही ओळ खरी. टर्मिनलमधला आकडा टर्मिनलचा असतो, प्रोग्रामचा नाही. दोन्ही वेगळे निघाले तर अर्धं निदान इथंच झालं.

इशारा: एककं जुळवून घ्या. सगळ्यात जास्त वेळ इथंच जातो. 'यूलिमिट' केबीत बोलतं. लिमिट्सच्या कॉन्फिग फाइलमध्येही केबीच लिहायचे. 'प्रोक'मधली ओळ आणि 'पीआरलिमिट' ही कमांड बाइटमध्ये चालतात. सिस्टीमडीच्या, म्हणजे सर्व्हिस सुरू करून सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या, फाइलीत नुसता आकडा लिहिला तर तोही बाइट धरला जातो, पण तिथं के, एम, जी ही मोठी अक्षरं लावता येतात. म्हणजे ५१२ एमबी द्यायचे तर एके ठिकाणी ५२४२८८, दुसऱ्या ठिकाणी ५३६८७०९१२ आणि तिसऱ्या ठिकाणी ५१२एम. सिस्टीमडीच्या फाइलीत ५२४२८८ लिहून जेमतेम अर्धा एमबी पदरात पाडून घेतलेले लोक मी पाहिलेत. त्यातला पहिला मीच.

पायरी २: किती द्यायची ते ठरवा

'प्रोग्राम ३०० एमबी खातो, मग ४०० पुरतील' हा हिशोब वरवर बरोबर दिसतो, पण फसतो. बरेच ऑडिओ प्रोग्राम मोजकी पानं लॉक करत नाहीत, 'एमलॉकऑल' या कॉलनं सगळंच लॉक करायला सांगतात. तेव्हा कर्नल प्रोग्रामनं खरोखर वापरलेली मेमरी पाहत नाही, त्याचा सगळा आभासी पत्ता-विस्तार मर्यादेशी ताडून पाहतो. हा विस्तार वापराच्या कितीतरी पट असू शकतो.

तो पाहायला 'कॅट /प्रोक/४३२१/स्टेटस' टाका. 'व्हीएमसाइझ' म्हणजे विस्तार, 'व्हीएमआरएसएस' म्हणजे प्रत्यक्ष वापर, 'व्हीएमएलसीके' म्हणजे आत्ता लॉक झालेली मेमरी. मर्यादा पहिल्या आकड्याच्या वर ठेवायची. प्लगइन लावले, सेशन मोठं झालं की हा आकडा वाढतो, म्हणून मोजमाप रिकाम्या सेशनवर नको. रोजच्या कामाचं सेशन उघडून मोजा.

आणखी एक बारीक गोष्ट. 'एमलॉकऑल' करताना प्रोग्रामनं पुढं येणाऱ्या मेमरीचंही लॉक मागून ठेवलं असेल, तर मर्यादा भरल्यावर त्याला नवी मेमरीच मिळत नाही. सुरुवातीला सगळं सुरळीत चालतं आणि चाळिसाव्या मिनिटाला प्रोग्राम कोसळतो. काठावरची मर्यादा ही कमी मर्यादेपेक्षा वाईट, ती या कारणानं.

मग सरळ 'अनलिमिटेड' का देऊ नये? एकट्यानं वापरायच्या रेकॉर्डिंगच्या मशीनवर द्या, माझी हरकत नाही. आर्डर हा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम तर मर्यादा असली की सुरू होतानाच तसा इशारा देतो. पण कॉलेजच्या लॅबमध्ये, जिथं एकाच मशीनवर वीस पोरं लॉगिन करतात, तिथं हे करू नका. लॉक केलेली मेमरी कर्नलला स्वॅपमध्ये ढकलता येत नाही. सगळी रॅम अशी अडकली की तो प्रोसेस मारायला लागतो, आणि मरणारी प्रोसेस दुसऱ्याच कुणाची असू शकते. शिवाय ही मर्यादा प्रोसेसमागे असते, युजरमागे नाही. १ जीबी दिलेला युजर पाच प्रोसेस उघडून ५ जीबी लॉक करू शकतो.

या लेखात आकड्यांच्या सोयीसाठी ५१२ एमबी धरतो. तुम्ही तुमचा मोजून घाला.

पायरी ३: फाइलीला हात लावण्याआधी चाचणी घ्या

चाचणी बहुतेक जण गाळतात आणि मग दोन दिवस भलत्या जागी शोधत बसतात. मर्यादा वाढवल्यानं तक्रार खरंच जाते का, ते आधी तात्पुरतं पाहून घ्या.

टर्मिनलमध्ये 'सुडो पीआरलिमिट --पीआयडी $$ --मेमलॉक=५३६८७०९१२:५३६८७०९१२' चालवा. 'सुडो' म्हणजे रूटच्या, म्हणजे मुख्य प्रशासकाच्या, अधिकारानं. दोन डॉलरचिन्हं म्हणजे हे टर्मिनल स्वतः. कोलनच्या अलीकडं सॉफ्ट, पलीकडं हार्ड, दोन्ही बाइटमध्ये. मग त्याच टर्मिनलमधून तुमचा प्रोग्राम सुरू करा.

तपासा: आता संदेश गेला का? गेला असेल तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी आहेत. आकडा बराच वाढवूनही गेला नसेल तर तक्रार मेमरी लॉकची नाही. ऑडिओत अशा वेळी रिअल-टाइम प्राधान्याची मर्यादा, म्हणजे 'आरटीप्रायो', आडवी आलेली असू शकते.

इथं दोन चुका हमखास होतात. 'सुडो यूलिमिट -एल अनलिमिटेड' टाकलं की 'कमांड नॉट फाउंड' येतं. कारण 'यूलिमिट' हा स्वतंत्र प्रोग्राम नाहीच, तो शेलच्या, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड वाचणाऱ्या प्रोग्रामच्या, पोटात आहे आणि सुडोला तिथं पोचता येत नाही. दुसरी चूक म्हणजे 'बॅशआरसी' या बॅश शेलच्या सुरुवातीच्या फाइलीत 'यूलिमिट -एल अनलिमिटेड' लिहून ठेवणं. छत खाली असताना ती ओळ दर टर्मिनलला 'ऑपरेशन नॉट परमिटेड' एवढंच ओरडते.

इशारा: एस किंवा एच न लावता 'यूलिमिट -एल १०००' टाकलं तर बॅश सॉफ्ट आणि हार्ड दोन्ही खाली आणतं. मग त्या टर्मिनलमध्ये परत वर जाता येत नाही. ते बंद करून नवं उघडा.

पायरी ४: ग्रुप आणि फाइल

एकेका युजरच्या नावानं ओळी लिहू नका, ग्रुपला द्या. ऑडिओसाठी 'ऑडिओ' ग्रुप बहुतेक वितरणांत असतोच. कमांड अशी: 'सुडो युजरमॉड -एजी ऑडिओ' आणि पुढं युजरचं नाव. यात ए धाकटा, जी मोठा.

इशारा: तो ए विसरलात तर युजर बाकीच्या सगळ्या जादा ग्रुपांतून बाहेर पडतो, 'सुडो' ग्रुपमधूनही. मग दुरुस्त करायला सुडो लागतो आणि सुडो तर गेलेला. म्हणून हे सगळं काम करताना रूटचं एक टर्मिनल बाजूला उघडं ठेवा आणि शेवटची तपासणी होईपर्यंत बंद करू नका.

आता '/ईटीसी/सिक्युरिटी/लिमिट्स.डी' या फोल्डरमध्ये '९९-मेमलॉक.कॉन्फ' नावाची फाइल बनवा. शेवटी '.कॉन्फ' नसेल तर फाइल वाचलीच जात नाही. आत एकच ओळ:

@ऑडिओ - मेमलॉक ५२४२८८

चार रकाने: कोणाला, कोणती बाजू, कशाची, किती. '@' म्हणजे ग्रुप. नुसती आडवी रेघ म्हणजे सॉफ्ट आणि हार्ड दोन्ही. आकडा केबीत, एम किंवा जी न लावता. स्वल्पविरामही नको, आपल्याला हिशोबात घालायची सवय असते म्हणून सांगतो.

मूळ 'लिमिट्स.कॉन्फ'मध्येच लिहिलं तरी चालतं, पण वेगळी फाइल बरी. मूळ फाइल आधी वाचली जाते, मग या फोल्डरमधल्या फाइली नावाच्या क्रमानं, आणि त्याच ग्रुपची ओळ परत आली तर नंतरची टिकते. म्हणून नावात ९९.

पण याला अपवाद आहे आणि तो नेमका नडतो. युजरच्या नावाची ओळ ग्रुपच्या ओळीला हरवते, मग ती कुठल्याही फाइलीत आधी का असेना. आणि ग्रुपची ओळ '*' च्या ओळीला हरवते. कधीकाळी कोणीतरी तुमच्या नावानं ६४ लिहून ठेवलं असेल तर ग्रुपला कितीही द्या, तुम्हाला ६४ च मिळणार. 'ग्रेप -आर मेमलॉक /ईटीसी/सिक्युरिटी' एकदा चालवा म्हणजे जुनी भुतं बाहेर येतील. डेबियनवर जॅकडी बसवताना रिअल-टाइमच्या प्रश्नाला 'हो' म्हटलं असेल तर तिथं 'ऑडिओ.कॉन्फ' सापडेल आणि त्यात 'अनलिमिटेड' आधीच लिहिलेलं असेल. अशा मशीनवर नवी फाइल लागत नाही, फक्त ग्रुपमध्ये जाणं बाकी असतं. '*' ची ओळ रूटला लागू होत नाही, हेही लक्षात असू द्या.

पायरी ५: ही फाइल वाचतो कोण?

कर्नल वाचत नाही. लॉगिनच्या वेळी, लॉगिन सांभाळणाऱ्या पॅम यंत्रणेतलं 'पॅम_लिमिट्स' नावाचं मॉड्यूल वाचतं आणि त्या लॉगिनच्या पहिल्या प्रोसेसला मर्यादा चिकटवतं. पुढं जन्मणाऱ्या प्रत्येक प्रोसेसला ती आईबापाकडून मिळते. सातबाऱ्यासारखंच: वरच्या पिढीच्या नावावर जे असेल तेच खाली उतरतं. फाइल बदलल्यानं आधीच जन्मलेल्यांच्या नावावर काही चढत नाही.

'ग्रेप -आर पॅम_लिमिट्स /ईटीसी/पॅम.डी' चालवा. तुम्ही ज्या दारानं आत येता, म्हणजे 'लॉगिन', 'एसएसएचडी' किंवा तुमचा डिस्प्ले मॅनेजर, त्या फाइलीत किंवा ती ज्या सामायिक फाइलीला ओढते तीत हे नाव असायला हवं. सहसा असतं. एसएसएचनं येत असाल तर 'एसएसएचडी_कॉन्फिग'मध्ये 'यूजपॅम येस' आहे ना, तेवढं पाहा.

इशारा: पॅमच्या फाइलीत गरजेशिवाय बोट घालू नका. तिथली एक चुकीची ओळ सगळ्यांचंच लॉगिन बंद करते.

पायरी ६: खरोखर बाहेर पडा

टर्मिनलची खिडकी बंद करून परत उघडणं म्हणजे लॉगआउट नव्हे. 'न्यूजीआरपी'नं नवा ग्रुप त्या शेलला मिळतो, पण नवी मर्यादा मिळत नाही. 'टीमक्स' किंवा 'स्क्रीन' वापरत असाल तर त्यांचा जुना सर्व्हर मागे जिवंत असतो आणि त्यातली प्रत्येक नवी खिडकी जुनीच मर्यादा घेऊन जन्मते.

विश्रामबागेतल्या एका ओळखीच्यांनी तासभर खटपट केली, आकडा ६४ वर ठाम. वैतागून झोपले. रात्री वीज गेली, सकाळी मशीन सुरू केलं तर ५२४२८८. मला म्हणाले, "लिनक्सला रात्रीतनं अक्कल आली." अक्कल नव्हे, रीबूट झालं होतं.

लवकर चाचणी हवी असेल तर 'एसयू -' आणि पुढं तुमचं नाव टाकून त्यात 'यूलिमिट -एल' पाहा. 'एसयू' नवं सेशन पॅममधून उघडतं, म्हणून फाइल बरोबर लिहिली आहे का ते लॉगआउट न करता कळतं.

तपासा: नुसत्या 'आयडी' कमांडमध्ये ऑडिओ ग्रुप दिसतो का? 'आयडी' पुढं नाव घालून पाहू नका. तसं केलं तर नोंदवहीतले ग्रुप दिसतात, चालू सेशनचे नाही. रीबूट परवडत असेल तर सरळ रीबूट करा. नसेल तर 'लॉगिनसीटीएल लिस्ट-सेशन्स'नं उरलेली सेशनं पाहून तीही बंद करा.

पायरी ७: डेस्कटॉप आणि सर्व्हिस, म्हणजे मागची दारं

'एसयू'त बरोबर आकडा येतो, एसएसएचमध्येही येतो, पण डेस्कटॉपवरच्या मेनूतून प्रोग्राम उघडला की जुनाच. हल्लीच्या डेस्कटॉपवर टर्मिनल आणि बरेच प्रोग्राम थेट तुमच्या लॉगिनचे वंशज नसतात. ते सिस्टीमडीच्या युजर मॅनेजरची लेकरं असतात, आणि तो मॅनेजर आपली मर्यादा वेगळ्या वाटेनं आणतो.

त्याच्यासाठी 'सुडो सिस्टीमसीटीएल एडिट युजर@.सर्व्हिस' चालवा. उघडलेल्या फाइलीत दोन ओळी लिहा: पहिली चौकटी कंसात 'सर्व्हिस', दुसरी 'लिमिटमेमलॉक=५१२एम'. अक्षरांकडं लक्ष द्या. 'सर्व्हिस'चा एस मोठा, 'लिमिट'चा एल मोठा, 'मेमलॉक' अख्खं मोठ्या अक्षरांत आणि ५१२ पुढचा एमही मोठा, सगळं जोडून. अमर्याद द्यायची असेल तर इथं 'अनलिमिटेड' चालत नाही, 'इन्फिनिटी' लिहावं लागतं. मग रीबूट.

पार्श्वभूमीला चालणाऱ्या सर्व्हिसचं तर आणखी सरळ आहे. त्या लॉगिन करतच नाहीत, म्हणून 'लिमिट्स.डी'मधली तुमची फाइल त्यांच्या खिजगणतीत नसते. त्या सर्व्हिसच्या नावानं 'सिस्टीमसीटीएल एडिट' करून वरच्याच दोन ओळी घाला आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. नुसतं रीलोड पुरत नाही. डॉकरच्या कंटेनरला मर्यादा डॉकरकडून मिळते, म्हणून ती सुरू करतानाच '--यूलिमिट मेमलॉक=-१:-१' असं सांगावं लागतं.

एकाच प्रोग्रामला मर्यादेतून पूर्ण सूट द्यायची वाटही आहे: 'सेटकॅप'नं त्याला 'कॅप_आयपीसी_लॉक' हा अधिकार देणं. मी ती शक्यतो टाळतो. प्रोग्राम अपडेट झाला की फाइल नवी येते, अधिकार पुसला जातो, आणि सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही की तो दिला होता.

पायरी ८: चालत्या प्रोग्रामवर शिक्कामोर्तब

प्रोग्राम रोज जिथून उघडता तिथूनच उघडा, मेनूतून तर मेनूतून. क्रमांक काढा. '/प्रोक/४३२१/लिमिट्स'मध्ये ५३६८७०९१२ दिसलं पाहिजे, दोन्ही रकान्यांत. मग 'स्टेटस'मध्ये 'व्हीएमएलसीके' पाहा. तिथं शून्य असेल तर परवानगी मिळाली पण प्रोग्रामनं लॉक मागितलंच नाही. तो पर्याय त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये चालू करावा लागेल.

यानंतर निदान पाऊण तास सलग रेकॉर्डिंग लावा. मिरजेच्या त्या स्टुडिओत आम्ही तानपुरा लावला, मुद्दाम ब्राउझरच्या वीस खिडक्या उघडल्या आणि एक्सरनची, म्हणजे आवाज वेळेत न पोचल्याच्या खेपांची, मोजणी पाहत बसलो. पस्तिसाव्या मिनिटाला मोजणी एकनं वाढली. शोधलं तर दोष मेमरीचा नव्हता. वायफायचं कार्ड आणि साउंडकार्ड एकाच इंटरप्टवर, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायच्या एकाच ओळीवर, बसले होते. वायफाय बंद केलं, मोजणी पुन्हा शून्यापासून लावली आणि चहा सांगितला.

नवी रॅमची पट्टी त्यानं काढली नाही. आभासी वाद्यं भरायला उपयोगी पडते म्हणाला.